शनिवार-रविवार वळीव आहे, बेदाणा झाकून घ्या

मंडळी, शनिवार-रविवार सांगली जिल्ह्यात वळवाचा अंदाज आहे, तासगाव, कवठेमहांकाळ, जत साईडला ज्यांचा माल अजून वाळवायच्या रॅकवर आहे त्यांनी हे नीट वाचा. सकाळी कडक ऊन बघून फसू नका, वळीव असाच येतो, दुपारपर्यंत तापतं मग तीन-चारनंतर ढग चढतात आणि आधी वारं सुटतं. खरं नुकसान तेच करतं, ताडपत्री उडाली की आडवा पाऊस थेट जाळीवर, आणि अर्धवट वाळलेला बेदाणा एकदा भिजला की काळा पडतो, बुरशी धरते, मग दर कुठला मिळणार. म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच बाजूचे पडदे दोरीनं घट्ट बांधा, वाळलेला माल उतरवून घ्या, आणि नवीन माल डिपिंग करून (द्राक्षं द्रावणात बुडवून) टाकायचा असेल तर कृपा करून सोमवारपर्यंत थांबा.

विजेचं पण बघा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, आसपास वीज पडायची शक्यता असली की आधी कळवतं, सगळ्यांनी टाकून घ्या. कडकडाट सुरू झाला की शेडवरच्या बायकांना आणि पोरांना पक्क्या घरात न्या, झाडाखाली कुणी थांबू नका, माल भिजला तरी चालेल.

कुणाकडं जादा ताडपत्री असेल तर ग्रुपवर सांगा.