शनिवारचे पाच : आमच्या मास्तरांना आभाराचे अनावृत पत्र

आदरणीय मास्तर,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने सप्रेम सलाम.

समोर बसून आभार मानू लागलो की आपण चहा सांगता आणि बोलणे पावसापाण्यावर नेता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आणखी एक कारण आहे. माझ्या घरात गेल्या वर्षी जो प्रश्न उभा राहिला, तो नेवासे तालुक्यातल्या आमच्या एकट्या ख्रिस्ती घरातला नाही, अशी माझी खात्री आहे. आपण तो कसा हाताळलात हे इतर आईबापांनाही कळावे असे मला वाटते. आपल्या इच्छेप्रमाणे आपले नाव मात्र कोठेही लिहिलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात माझी मुलगी दहावीत होती. एके रात्री जेवताना ती म्हणाली, "पप्पा, शाळेत मुली म्हणतात, तुमचा धर्म इंग्रजांचा. आणि तरुण संघात मराठी भजन सुरू केले की मुले एकमेकांकडे बघून हसतात, त्यांना मोबाईलवरची इंग्रजी गाणी हवी असतात. मग आपण नेमके कोण?" माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी रागावलो. मोबाईल काढून घेतला आणि हल्लीच्या जगानेच तुम्हा मुलांची श्रद्धा पोखरली असे तिला सुनावले. त्यानंतर तीन रविवार ती उपासनेला आली नाही. चौथ्या रविवारी मी आपल्या दाराशी तिची तक्रार घेऊन आलो. आपण सगळे ऐकून घेतलेत आणि एवढेच म्हणालात, "शनिवारी पाच वाजता तिला पाठवा. मोबाईलही द्या बरोबर."

त्या शनिवारपासून वार्षिक परीक्षेपर्यंत एकही खाडा झाला नाही. आपण तिला पेटीवर बोटे ठेवायला शिकवलेत आणि प्रत्येक भजनामागचा माणूस तिच्यापुढे उभा केलात. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या हाती 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी सहप्रवाशाने नवा करार दिला, 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, इतके आम्हा सर्वांना शब्बाथ शाळेतून, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या वर्गातून, माहीत असते. पण "मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो" असे टिळक का म्हणत, हा प्रश्न मी चाळीस वर्षे त्यांची गीते गाऊन स्वतःला कधी विचारला नव्हता. आपण तो माझ्या मुलीला विचारलात आणि उत्तर शोधण्यासाठी तिला आधी गाथा वाचायला लावलीत. भजन, कीर्तन, अभंग यांतून मराठी माणूस देवाशी बोलत आलेला आहे. टिळकांनी ती बोली सोडली नाही, तिच्यातच ख्रिस्ताला हाक मारली. घरी येऊन हे मला तिने सांगितले तेव्हा आमच्या उपासनेतली पेटी, तबला आणि झांज मला नव्याने ऐकू आली.

एका शनिवारी आपण दोघे नेवाशाला, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, त्या पैस खांबाच्या मंदिरात जाऊन आलात. ख्रिस्ती मुलीला तेथे कशासाठी नेले, असे मंडळीतल्या काहींनी मला विचारले, आणि खरे सांगायचे तर मीही थोडा बिचकलो होतो. परत आल्यावर तिने मला ओवी समजावून सांगितली. ज्या ओवीत 1290 साली याच गावी ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगितला, त्याच ओवीत सव्वातीनशे वर्षांनी एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ख्रिस्ताचे चरित्र सांगितले. थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरले, मराठी शिकले, आणि 1616 साली त्यांचे ख्रिस्तपुराण रायतूरला छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. शाळेतल्या मुलींना काय सांगावे हे तिला त्या दिवशी सापडले. पण आपण तिला तेवढ्यावर खूश होऊ दिले नाहीत. त्याच गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली आणि 1560 पासून धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) चालवले, हेही आपण तिला त्याच बैठकीत सांगितलेत. आपल्या पूर्वसूरींचा मोठेपणा सांगताना त्यांचा अपराध झाकायचा नाही, ही शिस्त मला पुष्कळ उपदेशांत सापडलेली नाही.

आता मोबाईलविषयी. मला वाटले होते की आपण तो तिच्या हातून हळूहळू सोडवाल. आपण उलट तिला कामाला लावलेत : मंडळीतल्या सत्तरीपुढच्या बायांकडे जाऊन त्यांना तोंडपाठ असलेली भजने त्यांच्या चालींसकट ध्वनिमुद्रित करून आणायची. तिने एकतीस भजने आणली. त्यांपैकी काही चाली आज आमच्या उपासनेत कोणालाच येत नाहीत. इंग्रजी गाण्यांनाही आपण तुच्छ लेखले नाहीत; त्यांतले एक तिच्याकडून ऐकून घेतलेत, शब्दांचा अर्थ विचारलात, आणि यातली प्रार्थना खरी आहे, हे म्हणायला हरकत नाही, असे सांगितलेत. अथेन्समध्ये पौल अज्ञात देवाच्या वेदीपाशी थांबला आणि ग्रीकांच्याच कवींचे बोल घेऊन त्यांच्याशी बोलला, हा प्रेषितांच्या कृत्यांतला सतरावा अध्याय मी किती वेळा वाचला असेन. पौलाने ते कवी आधी वाचलेले असले पाहिजेत, हे मात्र आपण दाखवून देईपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. ज्या जगाशी मुलांना बोलायचे आहे ते जग आम्ही पाहिलेलेही नसते, आणि तरी त्यांनी त्याच्यापासून दूर राहावे असा आमचा आग्रह असतो.

मात्र सगळेच चालेल असे आपण कधी म्हणाला नाहीत. तिच्या वर्गातल्या एका अडखळत बोलणाऱ्या मुलाची नक्कल करणारी चित्रफीत मुले एकमेकांना पाठवत होती, आणि तीही ती बघून हसली होती. ती तिने आपल्याला दाखवली. आपण रागावला नाहीत. लूकच्या शुभवर्तमानातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लुटलेल्या जखमी माणसाला दोघे रस्त्याच्या दुसऱ्या कडेने टाळून जातात, आणि परका शोमरोनी त्याला उचलतो) तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतलात आणि विचारलेत, "यात तुझा शेजारी कोण, आणि तू रस्त्याच्या कोणत्या कडेने गेलीस?" दुसऱ्या दिवशी तिने त्या मुलाची माफी मागितली. तेव्हापासून गाणे असो, जाहिरात असो की मंडळीतला एखादा रिवाज असो, ती हाच प्रश्न विचारते. एखादी गोष्ट देशी की विदेशी, जुनी की नवी, एवढ्यावरून मी आयुष्यभर निवाडे करत आलो. ती गोष्ट शेजाऱ्याकडे नेते की त्याच्यापासून दूर नेते, ही परीक्षा आपण माझ्या घरात आणलीत.

आणि ती परीक्षा मलाही द्यावी लागली. या पत्रात मला सर्वांत जास्त लिहायचे आहे ते हेच. जानेवारीत माझ्या पुतण्यासाठी एक स्थळ आले. मुलगी परिचारिका, घर देवभीरू, पाळकसाहेबांची शिफारस. आपल्या ओसरीवर बसून मी सहज बोलून गेलो की, मंडळी चांगली आहेत, पण मूळची कोण, कोणत्या जातीतली, हे एकदा विचारून घेतले पाहिजे. माझी मुलगी पेटीवरून उठली. तिने विचारले, "पप्पा, यात शेजारी कुठे आहे?" आपण मान खाली घालून बसलात आणि मला वाचवले नाहीत. आपल्या जिल्ह्यात आमच्या पणजोबांनी ख्रिस्त स्वीकारला तो माणूस म्हणून ताठ उभे राहता यावे यासाठी, आणि त्यांच्याच घरात आम्ही बाप्तिस्म्याच्या पाण्याने न धुतलेली एक चौकशी तीन पिढ्या जपून ठेवली. मी हल्लीच्या संस्कृतीला बाहेरून आलेला रोग समजत होतो, आणि त्याहून किती तरी जुना रोग माझ्या बोलण्यात होता. त्या संध्याकाळी आपण कवी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची हकीकत सांगितलीत : पतीच्या बाप्तिस्म्यानंतर किती तरी काळ त्या सोवळेओवळे पाळत राहिल्या, मग माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही हे त्यांचे त्यांनाच उमगले, आणि 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांना वेळ लागला, तुम्हालाही लागेल, पण आज सुरुवात करा, असे आपण म्हणालात. गलतीकरांच्या पत्रात यहूदी आणि ग्रीक असा भेद उरत नाही असे पौल लिहितो. ते वचन मी किती तरी लग्नांत उभा राहून वाचलेले आहे.

ती चौकशी मी केली नाही. घरातल्या दोन वडीलधाऱ्यांनी अजून माझ्याशी नीट बोलणे धरलेले नाही, आणि त्याचे दुःखही आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करत जा, अशी विनंती आहे.

मास्तर, आपल्याला पेन्शन किती मिळते हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, तरी या सगळ्या महिन्यांत आपण माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीत. आता शनिवारी आपल्या ओसरीवर सात मुले बसतात. त्यांपैकी दोघे आमच्या मंडळीतले नाहीत, आणि ते अभंग शिकायला येतात. आपल्या पेटीचा भाता फाटला होता तो मी पुण्याहून दुरुस्त करून आणला आहे. पुतण्याचे लग्न मे महिन्यात ठरले आहे, आणि माझ्या मुलीने त्या बायांकडून आणलेल्या भजनांपैकी एक त्या दिवशी म्हणायचे ठरवले आहे. पेटीवर तीच बसणार आहे. तबल्याला आपण बसावे असा तिचा निरोप आहे, आणि तो घेऊन मी येत्या शनिवारी पाच वाजता तिच्याबरोबर येत आहे.

आपला नम्र आणि ऋणी,
आपल्या शनिवारच्या विद्यार्थिनीचा बाप