अभिजात रचना ऐकायची तर अखंड ऐकावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'एकदा तरी ऐकाव्यात अशा अभिजात रचना' या शीर्षकाखाली आपल्या पुरवणीत प्रसिद्ध झालेली यादी वाचली. पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाच्या हाताशी अशी यादी असणे मोलाचे आहे आणि निवडीबद्दल माझी फारशी तक्रारही नाही. तक्रार आहे ती एवढीच, की बहुतेक नावांपुढे 'फक्त पहिला भाग', 'सुरुवातीची तीन मिनिटे' असे तुकडे सुचवले आहेत. त्यामुळे वाचक ती रचना ऐकल्याचे समाधान मानून पुढे जाईल आणि प्रत्यक्षात त्याने ती ऐकलेलीच नसेल.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचे (वाद्यवृंदासाठीच्या, चार भागांच्या मोठ्या रचनेचे) सुरुवातीचे चार स्वर मला अनेक वर्षे पाठ होते आणि तेवढ्यावर ती सिंफनी आपल्याला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. एका रात्री ती प्रथमच सलग ऐकली आणि तिसऱ्या भागाच्या शेवटाशी आल्यावर मी अक्षरशः श्वास रोखून बसलो. तेथे तंतुवाद्यांचा आवाज इतका खाली जातो की ध्वनिमुद्रण थांबले की काय, अशी शंका यावी. तळाशी लांबवर धरून ठेवलेला स्वर, त्यात टिंपनी या नगाऱ्यांचे हलके ठोके, आणि त्यांच्यावर चाचपडत, एकेक पायरी वर सरकणारी व्हायोलिने. हा अंधार बराच वेळ टिकतो. मग अगदी अखेरच्या क्षणांत आवाज चढत जातो आणि मध्ये जराही न थांबता, लख्ख उजाडावे तसा, चौथा भाग सी मेजर या उजळ स्वरश्रेणीत सुरू होतो. तोवर गप्प बसलेली ट्रॉम्बोन, पिकोलो आणि काँट्राबसून ही फुंकवाद्ये नेमकी येथे पहिल्यांदा वाजतात. पहिले चार स्वर कशासाठी होते, ते मला त्या रात्री कळले. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात ही सिंफनी प्रथम सादर झाली तो कार्यक्रम सुमारे चार तास चालला होता. आज ती आपल्याकडे मागते ती जेमतेम पस्तीस मिनिटे.

त्याच संगीतकाराच्या नवव्या सिंफनीच्या (१८२४) बाबतीत तर तुकडा सुचवणे रचनेच्या मुळावरच येते. आपल्या यादीत तिच्या चौथ्या भागातले समूहगान तेवढे घेतले आहे. परंतु त्या भागाच्या आरंभी आधीच्या तिन्ही भागांतील सुरावटी एकामागून एक क्षणभर डोकावतात आणि चेलो व डबल बास ही खर्जातली तंतुवाद्ये प्रत्येकीला जणू 'ही नव्हे' म्हणून बाजूला सारतात. त्यानंतरच ती साधी, लहान मुलालाही गुणगुणता येईल अशी चाल खालच्या स्वरांत, कोणाच्याही साथीशिवाय, हलकेच उमटते. ज्याने ते तीन भाग ऐकलेच नाहीत त्याला काय आठवले गेले आणि काय नाकारले गेले, हे कळावे कसे? बडा ख्याल वगळून थेट द्रुत बंदिशीला येऊन बसणाऱ्याने राग ऐकला, असे आपण म्हणत नाही.

बाखच्या १७४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स या कळफलकवाद्यासाठीच्या रचनेचेही तेच. यादी सांगते, आरिया, म्हणजे तिची मूळ चाल, ऐका. ही आरिया सुरुवातीला येते, मग तिच्या खर्जाच्या चौकटीवर तीस रूपे उभी राहतात आणि शेवटी तीच आरिया, त्याच स्वरांत, पुन्हा येते. स्वर एकही बदललेला नसतो, पण पंचविसाव्या रूपातले ते संथ दुःख आणि त्यानंतरची सारी धावपळ कानांवरून गेलेली असल्यामुळे आरिया वेगळीच भासते. पियानोवादक ग्लेन गूल्डचे १९५५ चे ध्वनिमुद्रण सुमारे अडतीस मिनिटांचे आहे, १९८१ चे सुमारे एक्कावन्न मिनिटांचे. मी दुसरे सुचवीन.

एक अपवाद मात्र मी मनापासून मान्य करतो. बाखच्याच डी मायनर पार्टिटातला (नृत्यप्रकारांवर बेतलेल्या भागांच्या मालिकेतला) शेवटचा भाग, शाकोन, एकटा ऐकला तरी चालतो, कारण तो स्वतःच एक पूर्ण विश्व आहे: एकच व्हायोलिन, चार तारा, चार मापांचा एक आकृतिबंध पुन्हा पुन्हा, आणि मध्यावर डी मेजरचा तो अनपेक्षित, शांत उजेड. मात्र त्याचीही साधारण पंधरा मिनिटे मध्ये न तोडता द्यावीत.

श्रोत्याला वेळ नसतो, हे मला समजते. म्हणूनच विनंती अशी, की यापुढे अशी यादी छापताना प्रत्येक रचनेपुढे तिचा पूर्ण कालावधी, भागांची संख्या आणि कोणत्या जागेसाठी कान टवकारून थांबावे याची एक ओळ द्यावी. जागा अपुरी पडत असेल तर रचना कमी कराव्यात, दहाच द्याव्यात, पण पूर्ण द्याव्यात.

त्या दहांत आपल्या यादीतून सुटलेले शूबर्टचे सी मेजर स्ट्रिंग क्विंटेट, म्हणजे दोन चेलोंसह पाच तंतुवाद्यांची रचना, असावे. १८२८ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी मृत्यू येण्याच्या थोडेच आधी त्याने ते लिहिले आणि ते जाहीरपणे प्रथम वाजले १८५० मध्ये. त्याचा दुसरा भाग जवळजवळ निश्चल सुरू होतो, मध्येच एफ मायनरमध्ये एकाएकी वादळ उठते आणि मग पहिली शांतता परतते; पण आता तिच्याखाली दुसरा चेलो अस्वस्थपणे फिरत असतो, आणि ती फिरत पूर्ण भाग ऐकणाऱ्यालाच ऐकू येते.

आपला,
एक नियमित वाचक