अंगणवाडीतले दोन तास मुलांचेच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंगणवाडीची बातमी येते ती खिचडीच्या दर्जाची, गळक्या छताची किंवा मानधनाच्या मोर्चाची. हे तिन्ही प्रश्न खरेच आहेत. पण तीन ते सहा वर्षांच्या मुलांशी तिथे रोज किती वेळ कोणी बोलते, खेळते, त्यांना काही शिकवते, हे ग्रामसभेतही विचारले जात नाही आणि आढावा बैठकीतही नाही. रोज सकाळचे दोन तास फक्त याच कामाला राखून ठेवावेत आणि त्यासाठी केंद्रात एक अर्धवेळ कार्यकर्ती द्यावी, अशी आमची मागणी आहे.

तामिळनाडूत 320 अंगणवाड्यांचा एक अभ्यास झाला. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने निम्मी केंद्रे निवडली आणि तिथे एक अर्धवेळ कार्यकर्ती जास्तीची दिली. तिचे काम एकच, पूर्वप्राथमिक शिक्षण. दीड वर्षाने मोजले तेव्हा शिकवण्याचा वेळ दुप्पट झालेला होता आणि मुलांचे गणित व भाषा दोन्ही सुधारले होते. खुंटलेल्या वाढीचे आणि तीव्र कुपोषणाचे प्रमाणही त्या केंद्रांत कमी निघाले. शिकवणाऱ्या बाईमुळे कुपोषण कसे घटले? मूळ सेविकेचे हात मोकळे झाले आणि आहार-आरोग्याच्या कामाला तिला वेळ मिळाला.

आपल्याकडचे चित्र उलट आहे. राज्यात अंगणवाड्यांच्या एकात्मिक बालविकास योजनेची सुरुवात 1975 साली ज्या ठिकाणी झाली त्यात मेळघाटातले धारणी होते. तेव्हापासून सेविकेच्या डोक्यावर कामे चढतच गेली. पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवर हजेरी भरायची, घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा जुळवायचा आणि रेंज नसेल तर मोबाइल हातात धरून उंचवट्यावर जाऊन उभे राहायचे. त्यात लसीकरणाचा दिवस, वजन-उंची, सर्वेक्षणे, बीटची म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाची बैठक. तेवढा वेळ मुले पाटीवर ‘अ’ गिरवत खिचडीची वाट पाहतात. राज्याचा ‘आकार’ अभ्यासक्रम आहे, केंद्राचा ‘आधारशिला’ आहे, साहित्याचे संचही केंद्रांत पोहोचले आहेत. ते उघडून मुलांसोबत बसायला माणूस मोकळा नाही.

दोन तास मिळाले तर करायचे काय, हेही नीट सांगायला हवे, कारण नुसता वेळ मिळून भागत नाही. तीन-साडेतीन वर्षांचे मूल एक ते दहा घडाघडा म्हणते आणि पालक खूश होतात. त्याच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवा आणि ‘मला तीन दे’ म्हणा. ते मूठभर उचलून देते. आकड्यांची माळ पाठ असते, शेवटचा उच्चारलेला आकडा म्हणजे एकूण किती, हे अजून उमगलेले नसते. ‘एक दे’ जमले की ‘दोन दे’, ते पक्के झाले की ‘तीन दे’, अशी ही समज एकेक पायरीने येते आणि प्रत्येक पायरीला आठवडे, कधी महिनेही लागतात. शंभरपर्यंत पाठांतर करून घेतल्याने ती लवकर येत नाही. दुसऱ्या टोकाची चूकही होते, नुसत्या खेळावर विसंबण्याची. दिल्लीच्या बालवाड्यांत अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्के आदींनी गणिताचे खेळ घेऊन पाहिले. मुलांची संख्यांचा अंदाज घेण्याची जाण वर्षभरानंतरही टिकून होती, पण शाळेच्या गणितात त्याचा फायदा दिसला नाही. म्हणून चार-पाच वर्षांच्या मुलांना चिंचोके, ठिपक्यांचे कार्ड आणि अंक लिहिलेले कार्ड एकाच वेळी समोर द्यावे. खेळ आणि चिन्ह यांची गाठ मोठ्या माणसानेच घालून द्यावी लागते.

गोष्टीचेही तसेच. रोज नवी गोष्ट सांगायचा सोस नको. सोमवारी सांगावी, मंगळवारी तीच सांगताना मध्ये थांबून ‘आता काय होईल?’ विचारावे, नंतर मुलांनी सोंगे घ्यावीत, शनिवारी एखाद्या मुलानेच ती सांगावी. तिसऱ्या वर्षी पेन्सिल देण्याची घाई करू नये. बोटांत बळ येते ते माती मळून, मणी ओवून, कागद फाडून.

आणि हे सारे मुलाच्या बोलीत व्हावे. मेळघाटात कोरकू, यवतमाळच्या कोलाम पोडांवर (पाड्यांवर) कोलामी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया. प्रमाण मराठीतल्या सूचना न कळलेले मूल गप्प बसते आणि त्याच्यावर ‘मंद’ असा शिक्का बसतो. अर्धवेळ कार्यकर्ती त्याच पोडावरची, त्याच ढाण्यावरची (कोरकू पाड्यावरची) हवी, असा आमचा आग्रह आहे तो यासाठी. गावातल्या बाईला हे झेपेल का, अशी शंका विदर्भात तरी कोणी काढू नये. गडचिरोलीच्या 39 गावांत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला. हा अभ्यास 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

कापूस वेचणीच्या दिवसांत प्रश्न आणखी बिकट होतो. आई सकाळीच शेतात जाते, मजुरी किलोवर असल्याने दिवस मावळेपर्यंत वेचत राहते. अंगणवाडी दुपारीच सुटते. मग तान्हे धुऱ्यावर झोळीत, फवारणीच्या डब्यांच्या आसपास, नाहीतर शाळा बुडवून घरी बसलेल्या ताईच्या कडेवर. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. वय सहा महिने ते सहा वर्षे, दिवसाचे साडेसात तास, महिन्याचे 26 दिवस. जिल्हा परिषदांनी कापूस पट्ट्यातल्या गावांची मागणी वरकड न मानता आताच पाठवावी. वेळ ठरवताना कार्यालयाचे घड्याळ पाहू नये, शेतातून घरी परतण्याची वेळ पाहावी.

पैशाचे म्हणाल तर ग्रामपंचायतीला महिला व बालकल्याणावर 10 टक्के खर्च करावाच लागतो, पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी स्वशासनाचा कायदा लागू असलेल्या गावांकडे आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी येतो, तो कशावर खर्चायचा हे गावच ठरवते. खुर्च्या, फ्लेक्स आणि रंगरंगोटीवर तो जाण्याआधी ग्रामसभेने अर्धवेळ कार्यकर्तीचे मानधन ठरावात घालावे. विभागाने एवढेच करावे: सकाळच्या ठरलेल्या दोन तासांत सेविकेला बैठक, सर्वेक्षण किंवा ऑनलाइन नोंदीचे काम सांगू नये, तसे लेखी परिपत्रक काढावे, आणि पर्यवेक्षिकेने भेटीच्या वहीत वजनाच्या आकड्यांशेजारी आणखी एक रकाना आखावा: आज मुलांसोबत प्रत्यक्ष किती मिनिटे काम झाले.

आपले,
बालशिक्षण प्रशिक्षकांचा एक गट,
जि. यवतमाळ