सहाची नोंद चार वाजताच झाली होती

मा. मंत्री महोदय,
सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात सिस्टर होते. गेल्या वर्षी एका खासगी वृद्धाश्रमात आत्याला भेटायला गेले. पक्षाघातानंतर ती अंथरुणालाच खिळलेली. दुपारचे चार वाजले होते. सवयीने चार्ट हातात घेतला. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या होत्या: दहा, बारा, दोन, चार. त्याखाली सहा आणि आठच्याही! आत्याला हळूच कुशीवर वळवलं, तर चादर माकडहाडाजवळच्या जखमेला चिकटलेली. चार्टवर लिहिलं होतं, ‘त्वचा ठीक’.

सही करणाऱ्या मुलीला विचारलं, तशी ती रडायलाच लागली. २८ जणांमागे ती आणि एक मावशी. “मॅडम, रकाना रिकामा दिसला की तपासणीत बोलणी बसतात,” म्हणाली. मला तिच्यात माझ्या पहिल्या नोकरीतली मी दिसले.

बेडसोर, म्हणजे एकाच जागी भार पडून राहिल्याने होणारी ही जखम, एका रात्रीत होत नाही. आधी लालसर डाग येतो, बोटाने दाबला तरी फिका पडत नाही. त्याच दिवशी तो लिहिला गेला, पुढच्या पाळीने वाचला आणि त्या जागेवरचा भार काढला, तर बहुतेक वेळा तिथेच निभावतं. गोळ्यांचंही तसंच. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा गोळी गालात धरून ठेवतात, पाठ फिरली की थुंकतात. वहीत मात्र ‘दिली’. मग डॉक्टर वाढलेलं बीपी बघतात, वही बघतात आणि डोस वाढवतात. एखाद्या दिवशी कुणी शेजारी बसून नीट गोळी गिळायला लावतं, वाढवलेल्या डोसने बीपी एकदम उतरतं आणि आजोबा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतात. साखर उतरून बेशुद्ध झालेल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना आमच्याकडे आणायचे. शेवटचं इन्सुलिन कधी दिलं, त्यानंतर जेवले का, हे सोबत आलेल्याला सांगता यायचं नाही आणि वहीतही नसायचं.

साहेब, ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. वृद्धाश्रमांतल्या वैद्यकीय सेवेचे निकष ठरवण्याचा अधिकारही त्याच कलमाने राज्याला दिला आहे. त्या निकषांत नोंदींचा विषय स्पष्ट घ्या. काम झाल्यावरच, खऱ्या वेळेसह सही व्हावी. ‘गोळी घेतली नाही’, ‘कूस बदलणं जमलं नाही’ असं कारणासह लिहायला चार्टवर जागा हवी आणि खरं लिहिणाऱ्या मुलीचा त्यासाठी पगार कापला जाऊ नये. अंथरुणावरच्या किती जणांमागे किती माणसं हवीत, हेही ठरवाच. ते ठरलं नाही तर बाकीचं सगळं पुन्हा खोट्या सह्यांवरच येईल.

आणि तपासणी नुसत्या वहीची नको. अधिकाऱ्यांनी सोबत सिस्टर न्यावी, अंथरुणावरच्या दोघांना कुशीवर वळवून पाठ बघावी, उरलेल्या गोळ्या मोजून वहीशी ताडून बघाव्यात. अर्ध्या तासाचं काम आहे.

आत्याची जखम भरायला चार महिने लागले. ड्रेसिंगच्या वेळी ती माझा हात घट्ट धरायची. बोलता येत नव्हतं तिला, त्यामुळे तिच्या वतीने बोलणारा तो एक कागदच होता.

आपण स्वतः एकदा न कळवता, दुपारी चारच्या सुमारास एखाद्या वृद्धाश्रमात जावं आणि सहाचा रकाना बघावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, सातारा