नोंदीबाहेर ठेवलेला माणूस

खानापूर

चि. अभिजित यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की, संशयिताला रात्रभर स्टेशनात चौकशीसाठी बसवून ठेवले आणि सकाळी अटक दाखवली तर त्यात फारसे काही बिघडत नाही, असे तुमच्या तुकडीतल्या बहुतेकांचे मत आहे. तुझे मत मात्र तू सांगितले नाहीस. मैसूरच्या अकादमीतून बाहेर पडलास की तू पी.एस.आय. होणार, आणि मग हे मत फक्त मत राहणार नाही. माझी सारी नोकरी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. कागदावर काय लिहिले आहे आणि काय लिहायचे टाळले आहे, यावर माणसांची आयुष्ये कशी फिरतात हे मी पाहिले आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते.

नोंद न करता माणूस धरून ठेवला की काय होते, त्याची एक खरी हकीकत आधी सांगते. खालिद अल-मसरी हा लेबनीज वंशाचा, दक्षिण जर्मनीत राहणारा जर्मन नागरिक. ३१ डिसेंबर २००३ रोजी तो बसने सर्बियातून मॅसिडोनियात शिरत असताना सीमानाक्यावर त्याला उतरवून घेण्यात आले. त्याचे नाव अल-कायदाशी संबंध असल्याचा संशय असलेल्या दुसऱ्या एका माणसाच्या नावाशी जुळत होते, आणि त्याचा पासपोर्ट बनावट असावा अशी शंका होती. त्याला कोणत्याही तुरुंगात नेले नाही, कोणत्याही न्यायाधीशासमोर उभे केले नाही. स्कोप्ये शहरातल्या एका हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून त्याला २३ दिवस ठेवण्यात आले, पहारेकरी पाळीपाळीने बसत होते, आणि चौकशी चालली होती ती इंग्रजीत, जी त्याला जेमतेम येत होती. २३ जानेवारी २००४ रोजी विमानतळावर त्याला अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेच्या पथकाच्या हवाली केले गेले. तिथे त्याला मारहाण झाली, अंगावरचे कपडे कापून काढले, हातपाय साखळीने जखडले, डोके झाकले आणि गुंगीचे औषध देऊन विमानाने काबूलला नेले. तिथल्या गुप्त कोठडीत तो सुमारे चार महिने होता. त्याने अन्न सोडले, तेव्हा ३७ दिवसांनंतर नाकात नळी घालून त्याला जबरदस्तीने भरवण्यात आले. पासपोर्ट खरा आहे, माणूस वेगळा आहे, हे वरच्या लोकांना कळल्यावरही अनेक आठवडे त्याला सोडले नाही. शेवटी २८ मे २००४ रोजी त्याला अल्बानियात नेऊन रात्रीच्या वेळी एका डोंगराळ रस्त्यावर सोडून दिले. पाठीत गोळी घालतील या भीतीने तो चालत राहिला. घरी पोहोचला तर घर रिकामे होते. नवरा आपल्याला सोडून गेला असे समजून बायको मुलांना घेऊन लेबनॉनला निघून गेली होती.

आता जो भाग माझ्या कामाशी संबंधित आहे, तो नीट वाच. या माणसाने पुढे तक्रार केली तेव्हा त्याच्याकडे एकही कागद नव्हता. मॅसिडोनियाचे सरकार सांगत राहिले की, आमच्याकडे थोडी विचारपूस झाली आणि मग तो आपल्या वाटेने निघून गेला. मग त्याच्या वकिलांनी काय काय गोळा केले? त्याच्या केसांची शास्त्रीय तपासणी, जिच्यावरून तो दक्षिण आशियात राहिल्याचे आणि दीर्घकाळ उपाशी असल्याचे दिसत होते. विमानाच्या उड्डाणांच्या नोंदी. कोठडीत असताना जमीन हादरल्याचे त्याला आठवत होते, त्याला दुजोरा देणाऱ्या भूकंपाच्या नोंदी. स्टेशन डायरीतल्या एका ओळीने जे सिद्ध झाले असते, त्यासाठी जमिनीच्या हादऱ्यांची साक्ष काढावी लागली. अमेरिकेतल्या न्यायालयांनी सरकारी गुपितांचे कारण देऊन दावा ऐकलाच नाही. २००७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही दार बंद केले. १३ डिसेंबर २०१२ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने मात्र एकमताने त्याची हकीकत खरी धरली, विमानतळावर जे झाले त्याला छळ म्हटले आणि मॅसिडोनियाला ६०,००० युरो भरपाई द्यायला लावली.

तू म्हणशील, हे हेरखात्याचे काम, आपल्या बेळगावच्या स्टेशनशी याचा काय संबंध? हिंडलग्याच्या कारागृहात सीमाप्रश्नाच्या चळवळीतली कितीतरी माणसे जाऊन आली, त्यांत आपल्या नात्यातलेही होते. तुरुंग वाईटच, पण त्यांच्या बायकांना ठाऊक होते की माणूस कुठे आहे. मुलाकातीला भाकरी बांधून नेता येत होती, वकीलपत्रावर सही घेता येत होती. ज्याची नोंदच नाही त्याच्यासाठी वकील अर्ज कुठे करणार? धरलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात टाकली, तरी पोलीस सांगणार की असा माणूस आमच्याकडे नाही. मारहाण होते ती बहुधा याच बिननोंदीच्या वेळात, कारण त्या तासांचा हिशेब कोणी मागू शकत नाही.

नोंद खोटीही असू शकते, हे मी विसरलेले नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात सांगलीत पोलिसांच्या ताब्यातला एक तरुण मारहाणीत मेला, तेव्हा तो पळून गेला असे दाखवण्यात आले आणि त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला गेला. आंबोली आपल्यापासून किती लांब आहे ते तुला सांगायला नको. म्हणूनच नोंद वेळेवर आणि दुसऱ्याच्या साक्षीने व्हावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली नेमके हेच घालून दिले: अटकेचा मेमो जागेवर, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही, वेळ आणि तारीख, नातेवाइकांना कळवणे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करण्याचा नियम कायम आहे. नुसती चौकशी करायची असेल तर त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहण्याची नोटीस देता येते. बसवून ठेवणे नावाची तिसरी अवस्था कायद्यात कुठेही नाही. आपल्या देशाने छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ साली सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. याची मला लाज वाटते. तरी आहे तेवढा कायदाही पाळला तर पुष्कळ होईल.

आपल्या भागात दोन गोष्टी जास्त जपाव्या लागतील. पहिली नावाची. कंग्राळीत किंवा येळ्ळूरला परशराम पाटील म्हणून हाक मारलीस तर किती जण वळून बघतील? वॉरंटावर बापाचे नाव, वय, गल्ली पडताळल्याशिवाय कोणालाही जीपमध्ये घालू नकोस. दुसरी भाषेची. मेमो कन्नडात असतो, आणि जांबोटीकडच्या किंवा चंदगडहून आलेल्या म्हाताऱ्याला तो वाचता येत नाही. तुला दोन्ही भाषा येतात. सही घेण्याआधी तो त्याला मराठीत वाचून दाखव, वाचून दाखवल्याचे लिही.

परवा फोनवर तुझा मित्र तुझ्या मागून म्हणत होता, खरा गुन्हेगार सुटला तर? मारून घेतलेला पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालतच नाही, हे त्याला अकादमीत शिकवले असेल. शिवाय अल-मसरीला धरून ठेवण्याचा आग्रह ज्या अधिकाऱ्याने धरला होता, त्याच्यावर सीआयएने काहीही कारवाई केली नाही. अनिश्चिततेच्या धंद्यात चुका होणारच, असे कारण दिले गेले. इतके सोपे. तोच अल-मसरी पुढे जाळपोळीबद्दल आणि एका महापौराला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरला. काही जण त्यावर बोट ठेवून म्हणतात, बघा, माणूस मुळातच तसा होता. मला हे पटत नाही. त्याच्या नंतरच्या गुन्ह्यांची शिक्षा त्याला उघड न्यायालयात, वकिलासह, कागदोपत्री झाली. आधीच्या पाच महिन्यांना तसले काहीच नव्हते, आणि त्या पाच महिन्यांत तो निर्दोष होता.

वरिष्ठ कधीतरी म्हणतील, आत्ता डायरीत घेऊ नकोस, सकाळी बघू. त्यांच्याशी हुज्जत घालू नकोस. माणूस स्टेशनात आला ती वेळ लिहून मोकळा हो, मग ती खोडायची जबाबदारी खोडणाऱ्याची. लॉकअपमधला कॅमेरा चालू आहे की नाही हे हजर झाल्याच्या दिवशीच तपास. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशाप्रमाणे त्याचे चित्रण किमान वर्षभर ठेवावे लागते. आणि घरच्यांना फोन शिपायाकडून करवू नकोस. तू स्वतः कर, त्यांच्या भाषेत कर, माणूस कोणत्या स्टेशनात आहे ते सांग आणि फोन उचलणाऱ्याचे नाव विचारून घे.

तुझी आई