डेथ मेटलची कुठली सीडी घ्यायची ते कोणी सांगत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत जुन्या अल्बमांच्या रिइश्यूंवर, म्हणजे पुन्हा काढलेल्या आवृत्त्यांवर, लेख आला होता तो वाचला. लेख चांगलाय, पण सीडीला त्यात एका वाक्यात निकालात काढलंय, म्हणे हौस असेल त्याने विनाइल घ्यावं, बाकीच्यांनी स्ट्रीमिंग, सीडी आता कोणाच्याच कामाची नाही. बाकी संगीताचं मी बोलत नाही, पण डेथ मेटल, म्हणजे गुरगुरत्या गळ्याचं, जड गिटारांचं मेटल, ऐकणाऱ्यांच्या बाबतीत हे साफ चूक आहे. का ते जरा सविस्तर लिहितो, छापताना कात्री लावलीत तरी चालेल.

हे संगीत वयातच आलंय सीडीच्या काळात. पझेस्ड या बँडचा 'सेव्हन चर्चेस' १९८५ चा, डेथ नावाच्याच बँडचा 'स्क्रीम ब्लडी गोर' १९८७ चा, तेव्हा एलपी आणि कॅसेटचं राज्य होतं हे मान्य. पण खरा बहर १९८९ ते १९९३ मधला. मॉर्बिड एंजल, ओबिच्युअरी, डीसाइड, एन्टूम्ड, सफोकेशन, सगळ्यांचं महत्त्वाचं काम याच चार-पाच वर्षांत आलं आणि तोवर सीडी चांगली रुळली होती. मॉर्बिड एंजलच्या 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस'च्या सीडीवर तर 'लॉर्ड ऑफ ऑल फीव्हर्स अँड प्लेग' हे जास्तीचं गाणं होतं जे तेव्हाच्या एलपीवर नव्हतंच. मग सीडी मागाहून सोय म्हणून काढलेली दुय्यम चीज कशी काय झाली?

आता मुख्य मुद्दा. कव्हरवर अल्बमचं नाव तेच आहे म्हणून आत आवाजही तोच असेल असं नसतं. डेथचा 'ह्यूमन' घ्या. १९९१ चा अल्बम, फ्लोरिडातल्या मॉरीसाउंड स्टुडिओत निर्माता स्कॉट बर्न्सच्या हाताखाली झालेला, ड्रमवर शॉन रायनर्ट, बेसवर स्टीव्ह डीजॉर्जिओ. जुन्या सीडीत हा बेस शोधावा लागतो, कान लावून बसलं तरी गिटारच्या मागे कुठेतरी गुरगुर जाणवते तेवढीच. २०११ मध्ये रिलॅप्स या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, तो परत काढला तेव्हा ध्वनितंत्रज्ञ जिम मॉरिसने अख्खा अल्बम नव्याने मिक्स केला, म्हणजे प्रत्येक वाद्याचं रेकॉर्डिंग सुटं घेऊन पातळ्या पुन्हा बसवल्या. आता डीजॉर्जिओ ठणठणीत ऐकू येतो आणि तो काय वाजवतोय ते ऐकून अंगावर काटा येतो खरा. पण ड्रमचा बाज बदललाय, ज्या कोरड्या, घट्ट आवाजामुळे तो अल्बम वीस वर्षं लोकांच्या डोक्यात बसला होता तो तसा राहिला नाही. माझं मत विचाराल तर बेस ऐकायचा असेल तेव्हा नवीन लावा आणि अल्बम म्हणून ऐकायचा असेल तर जुनीच सीडी, पण मुद्दा माझ्या आवडीचा नाहीये, मुद्दा हा की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि स्ट्रीमिंगवर कुठली वाजतेय हे कोणी धड सांगत नाही, उद्या तीही गुपचूप बदलली तर तुम्हाला कळणार पण नाही. विकत घेतलेली सीडी कोणी मागच्या दाराने येऊन बदलू शकत नाही.

बाकी रिइश्यूंमध्ये बहुतेक वेळा रिमिक्स नसतो, नुसता रिमास्टर असतो, म्हणजे तयार मिक्स घेऊन त्याचा एकूण आवाज पुन्हा घडवायचा, बहुतेकदा वर चढवायचा. 'रिमास्टर्ड' असा स्टिकर दिसला की लोक खुश होतात, मी जरा सावध होतो. ब्लास्ट बीट (अतिवेगवान ड्रमिंग) आणि डबल बेस ड्रम (दोन पायांनी वाजवायचा) सतत चालू असलेल्या संगीतात आधीच श्वास घ्यायला जागा कमी, त्यात सगळं दाबून एका पातळीला आणलं की स्नेअर ड्रमचा फटका गिटारच्या भिंतीत विरघळून जातो, दोन गाण्यांत कान थकतात आणि माणूस म्हणतो काय हा गोंगाट. गोंगाट बँडने केलेला नसतो हो, मास्टरिंगवाल्याने केलेला असतो. सगळे रिमास्टर वाईट असतात असंही नाही, काही खरंच जपून केलेले आहेत, पण ते कव्हर बघून कळत नाही, कोणीतरी ऐकून सांगावं लागतं.

म्हणून जुनी सीडी शोधायची, आणि इथे खरी गंमत सुरू होते. सेकंडहँडमध्ये सेलर बिनधास्त 'फर्स्ट प्रेस १९९१' लिहून मोकळा होतो. सीडी उलटी करून दिव्याखाली तिरकी धरा, मधल्या भोकाभोवती चकचकीत पट्टीत बारीक आकडे-अक्षरं कोरलेली दिसतील, तो मॅट्रिक्स नंबर. त्याच्या आसपास 'आयएफपीआय' (रेकॉर्ड कंपन्यांची जागतिक संघटना) आणि पुढे छोटा कोड दिसला तर १९९१ ची बात सोडा, कारण ते कोड १९९४ पासून सुरू झाले. सीडी अस्सल असू शकते, आवाजही तोच असू शकतो, पण पहिली छपाई नाही, म्हणजे त्या नावाखाली जास्तीचे पैसे मोजायचे नाहीत. ऑनलाइन घेताय तर सेलरकडे त्या रिंगचा फोटो मागा, जो टाळाटाळ करेल त्याला रामराम.

मला एका सेलरने ओरिजिनल म्हणून पाठवलेली सीडी खालून चक्क निळसर हिरवी निघाली, घरच्या बर्नरवर काढतात तशी, रिंग कोरी आणि बुकलेटवरची बारीक अक्षरं फोटोकॉपी काढल्यासारखी फुटलेली. लिस्टिंगमधला फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी सीडीचा होता. पैसे परत मिळाले, पण त्यासाठी इतके ईमेल लिहावे लागले की विचारू नका.

अस्सल जुन्या सीड्यांनाही एक रोग आहे. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ मध्ये निघालेल्या बऱ्याच सीड्या कडेपासून तांबूस तपकिरी होत जातात आणि मग शेवटची गाणी खरखरायला लागतात, कारण वरचं लॅकर, म्हणजे संरक्षक लेप, बुकलेटच्या कागदातल्या सल्फरपुढे टिकलं नाही. म्हणजे नेमकी आपल्या आवडीचीच वर्षं! रिंगवर 'मेड इन यू.के. बाय पीडीओ' दिसलं तर कडा नीट बघून घ्या. ओरखड्यांचं मात्र लोक उगाच टेन्शन घेतात, खालच्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक असतं, हलके ओरखडे प्लेअर पचवतो. नाजूक असते ती वरची छापील बाजू, तिथे लॅकरच्या लगेच खाली तो चकाकणारा थर असतो, तो खरवडला गेला की खेळ खलास. आणि केस फुटलीय, दात तुटलेत म्हणून चांगली सीडी सोडणारे लोक तर मला कळतच नाहीत, ज्वेल केस काय कुठलीही बसते.

कव्हरबद्दल विनाइलवाल्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, चित्रकार डॅन सीग्रेव्हने एन्टूम्डच्या 'लेफ्ट हँड पाथ' किंवा सफोकेशनच्या 'एफिजी ऑफ द फरगॉटन'साठी काढलेली चित्रं बारा सेंटिमीटरच्या चौकोनात गुदमरतात. पण इथेही आवृत्ती बघावीच लागते. बोल्ट थ्रोअर बँडच्या 'रेल्म ऑफ केऑस'चं मूळ चित्र २००५ च्या रिइश्यूवर नाही, कॅनिबल कॉर्प्सच्या सुरुवातीच्या अल्बमांची सेन्सॉर केलेली कव्हरं फिरत असतात, ती काही जण मुद्दाम जमवतात पण तुम्हाला मूळचं हवं असेल तर आधी विचारलेलं बरं. आणि बुकलेटचं काय? या गायकीत शब्द कानाला कळत नाहीत हे आम्ही चाहतेसुद्धा कबूल करतो, मग लिरिक्स हातात नकोत का? कार्कस बँडची सुरुवातीची गाणी तर वैद्यकीय शब्दकोश घेऊनच वाचावी लागतात. नाइल बँडचा कार्ल सँडर्स 'ब्लॅक सीड्स ऑफ व्हेंजन्स'च्या बुकलेटमध्ये प्राचीन इजिप्तचा कुठला संदर्भ कुठून घेतला ते गाण्यागणिक लिहितो, ते वाचून ऐकलं की गाणं वेगळंच लागतं. स्ट्रीमिंगवर यातलं काय मिळतं, तर अंगठ्याएवढं कव्हर, त्यावरचा लोगो तर काटक्यांचा ढीग, बँडचं नाव पण वाचता येत नाही.

नवीन बँडांच्या बाबतीत एवढी डोकेफोड नाही. ब्लड इनकँटेशन, टूम मोल्ड वगैरे मंडळींच्या सीड्या सरळ बँडकडून नाहीतर लेबलकडून घ्याव्यात, पैसे निदान योग्य ठिकाणी जातात. सेकंडहँडमधून बँडला काहीच मिळत नाही हे खरंय, ते ज्याने त्याने ठरवावं. मी तरी जिथे मूळ मास्टरिंग दुसरीकडे मिळतच नाही तिथेच जुनी घेतो.

तर विनंती एवढीच की रिइश्यूचं परीक्षण छापताना, मग ते कुठल्याही संगीताचं असो, दोन ओळी वाढवा. हा रिमिक्स आहे की रिमास्टर, कोणी केला, मूळ सीडीपेक्षा काय बदललं, कव्हर तेच आहे का. चार तारे पाच तारे देण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे. डेथ मेटलचं परीक्षण तुम्ही छापाल अशी आशा मी केव्हाच सोडलीय, पण कधी छापलंतच तर जुन्या-नव्या दोन्ही सीड्या शेजारी ठेवून ऐकून लिहायला माझ्या ओळखीत चार-पाच जण तरी मानधनाशिवाय तयार होतील. आणि हो, त्या लेखासोबत जो फोटो छापलाय त्यात सीडी छापील बाजू खाली करून टेबलावर टाकलेली आहे, फोटोग्राफरला तेवढं सांगा राव, ती वरची बाजूच नाजूक असते.

आपला,
एक नियमित वाचक