‘खात्रीलायक बातमी’ कुणाच्या खात्रीने?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘परदेशी गुप्तचर यंत्रणेने दिलेल्या माहितीवरून संबंधितांवर पाळत ठेवण्यात आली होती’ हे वाक्य हल्ली बातम्यांत वरचेवर येतं आणि त्यावर कुणी काही विचारत नाही. म्हणून हे पत्र.

परभणी जिल्ह्यातल्या न्यायालयांत मी तीस वर्षं कारकुनी केली. गांजाच्या केसमधली फिर्याद ठरलेल्या वाक्याने सुरू व्हायची : ‘गोपनीय बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली की...’ उलटतपासात वकील नेमकं तिथेच बोट ठेवायचे. बातमी किती वाजता मिळाली? लिहून घेतली का? वरिष्ठांना कळवली का? एकदा माळवदाच्या घरातून जप्त केलेल्या गांजाची केस चालू होती. मुद्देमालाची सीलबंद गोणी टेबलाशेजारी, आणि जमादार पिंजऱ्यात उभे राहून स्टेशन डायरीची पानं मागेपुढे चाळताहेत. नोंद निघाली नाही, आरोपी सुटला. तेव्हा मला फार राग आला होता. आज वाटतं, कायद्याचं बरोबर होतं. अमली पदार्थांच्या कायद्याचं ४२वं कलम सांगतं, बातमी लिहून घ्या आणि ७२ तासांत वरिष्ठांकडे नक्कल पाठवा. शेजारच्या गावातल्या बातमीदाराला एवढी चाळणी लावायची, आणि सातासमुद्रापलीकडची बातमी मात्र आली तशी मानायची?

बंगळुरूचे डॉ. मोहम्मद हनीफ आठवा. ग्लासगो विमानतळावरच्या हल्ल्यानंतर ब्रिटिश पोलिसांनी कळवलं आणि २ जुलै २००७ रोजी ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनमध्ये त्यांना अटक झाली. बाळंत झालेल्या बायकोला भेटायला ते भारतात निघाले होते. इंग्लंड सोडताना त्यांनी आपलं सिमकार्ड नात्यातल्या भावाला दिलं होतं. ते हल्ल्याच्या जीपमध्ये सापडलं, असं कोर्टात सांगितलं गेलं. प्रत्यक्षात ते लिव्हरपूलला, त्या भावाकडे होतं. २७ जुलैला आरोप मागे घेतले. आपल्याकडे घरोघरी जुनं सिम पुतण्या-भाच्याला दिलं जातं, त्यामुळे ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

गुप्तचर यंत्रणा एकमेकींना माहिती देताना अट घालतात : आमच्या परवानगीशिवाय ती तिसऱ्याला दाखवायची नाही. त्यामुळे घेणाऱ्याच्या हाती बहुधा निष्कर्षच पडतो, मूळ कोण बोललं ते कळत नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना ‘असावा’चा ‘आहे’ होतो. कॅनडात तर सीरियातल्या कोठडीत घेतलेला कबुलीजबाब जानेवारी २००२ मध्ये झडतीच्या वॉरंटसाठी वापरला गेला. तो छळातून आलेला असू शकतो, हे न्यायाधीशांना सांगितलंच नव्हतं.

आपल्याकडे तर एरवी न्यायाधीशही नाही. फोन ऐकण्याचा आदेश गृहसचिव देतात, तो तपासणारी समितीही सचिवांचीच. डिसेंबर २०२४च्या नव्या नियमांतही हीच रीत राहिली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले, पण त्याचे फोन ऐकले गेले हे खटला झाला म्हणून उघड झालं. ज्यांच्यावर खटलाच होत नाही, त्यांनी दाद कुठे मागायची?

दहशतवादाचा धोका खरा आहे. मित्रदेशांकडून माहिती घ्यावीच. पण पाळतीच्या प्रत्येक प्रस्तावात लिहिलेलं असावं की ही माहिती मुळात कुणाची, त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, ती कोठडीत काढली का आणि आपल्या माणसांनी काय पडताळलं. आणि हा कागद न्यायाधीशांसमोर जावा. हवं तर बंद दालनात जावा, नावं झाकून जावा.

असे किती आदेश केवळ परदेशी माहितीवर निघाले, हा प्रश्न मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या एका तरी खासदाराने येत्या अधिवेशनात लेखी विचारावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला वाचक,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, परभणी